बार्कर, रॉनी

बार्कर, रॉनी : (२५ सप्टेंबर १९२९–३ ऑक्टोबर २००५). विख्यात इंग्रज विनोदी नट, चरित्र-अभिनेता व विनोदलेखक. संपूर्ण नाव रॉनल्ड विल्यम जॉर्ज बार्कर. ‘द टू रॉनीज’, ‘पॉरिज’ आणि ‘ओपन ऑल अवर्स’ या ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील तीन मालिकांवर त्याची कीर्ती मुख्यत्वे अधिष्ठित आहे.

विनोदी नटांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. स्वतःचेच व्यक्तिमत्त्व, स्वतःच्याच लकबी घेऊन प्रेक्षकांपुढे उभा राहणारा आणि कोणत्याही भूमिकेत ओळखू येणारा नट हा पहिल्या वर्गातील होय. दुसऱ्या वर्गातील नट स्वतःला भूमिकेत इतका लपवितो, की भूमिका उतरविल्यावर मागे काय उरते, हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही. दूरचित्रवाणी हे माध्यम स्वभावतःच पहिल्या वर्गाला अनुकूल आहे. कारण आठवड्यामागून आठवडे तोच चेहरा घरात येत राहिला, की प्रेक्षक त्या चेहऱ्याशी नाते जोडतो, भूमिकेशी नव्हे. बार्कर हा दुसऱ्या वर्गातील नट असूनही याच माध्यमात लोकप्रियतेच्या शिखरावर पोहोचला, ही त्याच्या कारकीर्दीतील सर्वांत लक्षणीय गोष्ट होय. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आवाजात श्रोत्यांपुढे बोलणे त्याला आयुष्यभर अवघड वाटले. टोपी, मिशी किंवा एखादी लकब मिळाली, की मात्र तो निर्भय होई.

बार्करचा जन्म इंग्लंडमधील बेडफर्ड येथे एका कनिष्ठ मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. वडील एका तेल कंपनीत कारकून होते. रॉनी लहान असतानाच हे कुटुंब ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे स्थायिक झाले व त्याचे शालेय शिक्षण ऑक्सफर्ड येथे पार पडले. पुढे वास्तुशास्त्राच्या अभ्यासक्रमाला त्याने प्रवेश घेतला. परंतु आपल्या अंगी ते नाही, हे लवकरच ओळखून त्याने तो सोडला आणि बँकेत कारकुनी पतकरली. बँकेतील दिवस आणि हौशी नाट्यमंडळातील संध्याकाळ असा क्रम काही काळ चालला. १९४८ साली त्याने नोकरी सोडली व एल्झबरी येथील एका व्यावसायिक नाटकमंडळीत प्रवेश मिळविला. जे. एम. बॅरीच्या ‘क्वालिटी स्ट्रीट’ या नाटकातील एका लेफ्टनंटची छोटी भूमिका ही त्याची व्यावसायिक रंगभूमीवरील पहिली भूमिका होय. याच मंडळीत असताना ‘मिरांडा’ या सुखात्मिकेत मोटारचालकाची विनोदी भूमिका त्याच्या वाट्याला आली. प्रेक्षागृहातील हशाची चव त्याला त्या वेळी प्रथम कळली व पुढे ती सुटली नाही.

या मंडळ्यांचे स्वरूप समजून घेतल्यावाचून बार्करच्या अभिनयाची जडणघडण उमगणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात इंग्लंडमधील लहानमोठ्या गावांतून कायमस्वरूपी नाटकमंडळ्या असत व त्यांपैकी पुष्कळशा दर आठवड्याला नवे नाटक सादर करीत. रात्री एका नाटकाचा प्रयोग, दिवसा पुढच्या आठवड्यातील नाटकाची तालीम आणि मधल्या वेळात पाठांतर, असा नटाचा दिनक्रम असे. विशीतल्या नटाला या आठवड्यात सत्तरीचा पाद्री आणि पुढच्या आठवड्यात गावंढळ पोलीस शिपाई व्हावे लागे. व्यक्तिरेखेच्या अंतरंगात शिरण्यास सवड नसे. बाह्यांगावरून, म्हणजे चाल, उच्चार, पोशाख व हातांची ठेवण यांवरून ती झटपट उभी करणे भाग पडे. पुष्कळ नट या चरकातून निघाल्यावर ठोकळेबाज झाले. बार्करच्या बाबतीत मात्र याच शिस्तीने निरीक्षणाची आणि नेमकेपणाची सवय लावली. मध्यंतरी कामाअभावी त्याने ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात हमालीही केली. १९५१ मध्ये तो ‘ऑक्सफर्ड प्लेहाउस’ या नाट्यसंस्थेत दाखल झाला. तेथे दिग्दर्शक पीटर हॉलची दृष्टी त्याच्यावर गेली आणि १९५५ मध्ये हॉलने लंडनच्या आर्ट्‌स थिएटरमध्ये सादर केलेल्या यूजीन ओनीलच्या ‘मोर्निंग बिकम्स इलेक्ट्रा’ या शोकात्म नाट्यत्रयीत त्याला दोन छोट्या भूमिका मिळाल्या. विनोदासाठी नावाजलेल्या या नटाचे लंडनमधील पदार्पण ओनीलच्या नाटकात व्हावे, हा योगायोग मोठा मार्मिक आहे.

गंभीर रंगभूमीशी त्याचा संबंध पुढेही काही वर्षे राहिला. १९६२ मध्ये रॉयल कोर्ट थिएटरमधील ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ या शेक्सपिअरच्या नाटकात त्याने सुतार क्विन्सची, तर टॉम स्टॉपर्डच्या ‘द रिअल इन्स्पेक्टर हाउंड’ (१९६८) या नाटकात बर्डबूट या नाट्यसमीक्षकाची भूमिका केली. दरम्यान नभोवाणीने त्याच्या आवाजाला नवे क्षेत्र मिळवून दिले होते. ‘द नेव्ही लार्क’ ही आरमारी जीवनाची थट्टा करणारी बीबीसीची श्रुतिका-मालिका १९५९ मध्ये सुरू झाली. तीत बार्कर एकाच भागात अनेक पात्रांचे आवाज काढी. इंग्लंडमध्ये माणसाने तोंड उघडताच त्याचा प्रांत, वर्ग आणि शिक्षण ही तिन्ही उघडी पडतात, असे म्हटले जाते. बार्करने या सत्याचा जितका सूक्ष्म अभ्यास केला, तितका त्याच्या पिढीतील फार थोड्या नटांनी केला असेल. त्याच्या व्यक्तिरेखा प्रथम कानाला पटतात, मग डोळ्याला.

दूरचित्रवाणीवर तो १९५६ पासून अधूनमधून दिसत होता. त्या वर्षीच्या ‘आय अ‍ॅम नॉट बॉदर्ड’ या मालिकेत ग्लेन मेल्व्हिन या विनोदी नटाबरोबर त्याने काम केले. खऱ्याखुऱ्या वाटणाऱ्या तोतरेपणाचे तंत्र त्याला मेल्व्हिनकडून मिळाले व ते सुमारे वीस वर्षांनी फळाला आले. खरी प्रसिद्धी त्याला मिळाली, ती डेव्हिड फ्रॉस्टच्या ‘द फ्रॉस्ट रिपोर्ट’ (१९६६–६७) या उपरोधप्रचुर कार्यक्रमामुळे. या कार्यक्रमातील एका प्रहसनात उंच जॉन क्लीझ, मध्यम बांध्याचा बार्कर आणि ठेंगणा रॉनी कॉर्बेट असे तिघे उंचीच्या क्रमाने एका रांगेत उभे राहून अनुक्रमे उच्च, मध्यम व कनिष्ठ वर्गांचे प्रतिनिधित्व करतात. मधला बार्कर वर पाहतो तेव्हा लीन होतो आणि खाली पाहतो तेव्हा ताठ होतो. इंग्रजी वर्गव्यवस्थेवरील हे छोटेसे भाष्य मार्टी फेल्डमन व जॉन लॉ यांनी लिहिले असून ते अद्यापही वारंवार दाखविले जाते. क्लीझ आणि कॉर्बेट यांचे विनोदाचे साधन येथे मुख्यतः त्यांची उंची आहे. बार्करपाशी ते साधन नसल्याने त्याला सगळे काम चेहऱ्यानेच करावे लागते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

जेरल्ड वाइली : १९६८ मध्ये फ्रॉस्टचा कार्यक्रम ‘लंडन वीकएंड टेलिव्हिजन’ या व्यापारी वाहिनीवर आला व बार्कर आणि कॉर्बेट हेही त्याच्याबरोबर तेथे गेले. त्यानंतर थोड्याच काळात जेरल्ड वाइली नावाच्या एका अपरिचित लेखकाची प्रहसने कार्यक्रमाकडे येऊ लागली. ती बार्करच्या व्यवसायप्रतिनिधीमार्फत येत. लेखक संकोची असून त्याला कोणाला भेटणे आवडत नाही, असे सांगितले जाई. प्रहसने उत्तम होती व ती स्वीकारली जाऊ लागली. हा वाइली कोण, याविषयी तर्क सुरू झाले आणि त्यात टॉम स्टॉपर्डचेही नाव घेतले गेले. वैद्याच्या दवाखान्यात ताटकळणाऱ्या रुग्णांवरील एक प्रहसन कॉर्बेटला इतके आवडले, की त्याचे हक्क विकत घेण्याची इच्छा त्याने व्यक्त केली. वाइलीने तीन हजार पौंड मागितल्याचा निरोप आला. किंमत अवास्तव आहे, घेऊ नकोस, असा सल्ला कॉर्बेटला बार्करनेच दिला. पुढे वाइलीने ते प्रहसन त्याला विनामूल्य देऊ केले आणि कृतज्ञतेपोटी कॉर्बेटने वाइलीच्या नावाची आद्याक्षरे कोरलेले काचेचे पेले त्याला भेट म्हणून पाठविले. अखेर एका चिनी उपाहारगृहातील मेजवानीत, आज वाइली येणार म्हणून सारे उत्सुक असताना, बार्कर उठून उभा राहिला व आपणच वाइली असल्याचे त्याने सांगितले. प्रथम कोणाचाही विश्वास बसला नाही.

या लपंडावामागे विनोदबुद्धी होतीच. पण एक गंभीर हेतूही होता. कार्यक्रमातील प्रमुख नटाने लिहिलेले प्रहसन भिडेखातर स्वीकारले जाते आणि पडले, तरी कोणी तसे बोलून दाखवीत नाही. आपले लेखन लेखन म्हणूनच पारखले जावे, ही बार्करची इच्छा होती. रहस्य उघड झाल्यानंतरही त्याने टोपणनावे सोडली नाहीत. वाइलीखेरीज जॉनथन कॉबल्ड, बॉब फेरिस अशा नावांनी तो लिहीत राहिला. लॉर्ड रस्टलेस या विक्षिप्त उमरावाची व्यक्तिरेखा केंद्रस्थानी असलेल्या त्याच्या ‘हार्क अ‍ॅट बार्कर’ (१९६९–७०) या मालिकेचे लेखन अ‍ॅलन एकबोर्न या नामवंत नाटककारानेही टोपणनावानेच केले होते, हाही एक मजेदार भाग.

द टू रॉनीज : एका पारितोषिक-वितरण समारंभात तांत्रिक बिघाडामुळे कार्यक्रम खोळंबला असता बार्कर व कॉर्बेट यांनी आयत्या वेळी प्रेक्षकांना हसवीत ठेवले. बिल कॉटन व पॉल फॉक्स हे बीबीसीचे दोन अधिकारी त्या वेळी सभागृहात होते. या प्रसंगातून त्या दोघांना बीबीसीचे निमंत्रण आले आणि १० एप्रिल १९७१ रोजी ‘द टू रॉनीज’ हा कार्यक्रम सुरू झाला. तो १९८७ च्या नाताळापर्यंत चालला. त्याचा साचा ठरीव होता. आरंभी दोघे मेजामागे बसून खोट्या बातम्या वाचीत. मग प्रहसने, एक विडंबनात्मक रहस्यकथा क्रमशः, पाहुण्या गायिकेचे गाणे, एक संगीतप्रधान प्रवेश आणि शेवटी पुन्हा बातम्या, असा क्रम असे. साच्यातील एक भेद मात्र अर्थपूर्ण आहे. कॉर्बेट एका मोठ्या खुर्चीत बसून स्वतःच्याच नावाने, फाटे फोडीत फोडीत एक लांबलचक किस्सा सांगे. बार्करचेही एक स्वगत असे. परंतु ते नेहमी कुणा कल्पित संस्थेच्या प्रवक्त्याचे, मंत्र्याचे किंवा वैद्याचे असे. सोळा वर्षांत बार्करने ती खुर्ची कधी मागितली नाही.

या जोडीची तुलना सामान्य विनोदी जोडीशी करता येत नाही. एकाने गंभीर राहून दुसऱ्याला विनोदाची संधी द्यावयाची, ही इंग्रजी संगीतिकागृहातील जुनी विभागणी येथे नव्हती. तसेच एकाने दुसऱ्याला मूर्ख ठरविण्याचा प्रकारही नव्हता. दोघे स्वतंत्र नट होते, प्रसंगानुसार भूमिका वाटून घेत आणि वर्षातील उरलेला काळ आपापली कामे करीत. त्यांच्यात कधी वितुष्ट आले नाही, याचे एक कारण हे असावे.

कार्यक्रमातील बार्करचे लेखन मुख्यतः भाषेवर उभे आहे. शब्दांचे उच्चार चुकण्याचा दोष असलेल्या एका गृहस्थाचे त्याचे भाषण प्रसिद्ध आहे. तो गृहस्थ या दोषाने पीडित झालेल्यांच्या संस्थेचा प्रतिनिधी म्हणून गांभीर्याने निवेदन करीत असतो व चुकून निघालेला प्रत्येक शब्द काही वेगळाच, बऱ्याचदा अडचणीचा अर्थ देतो. असे भाषण लिहिणे अवघड आणि न अडखळता म्हणणे त्याहून अवघड. बार्कर ते चेहऱ्यावरची रेषही न हलविता म्हणत असे.

१९७६ मधील हार्डवेअरच्या दुकानाचे प्रहसन या प्रकाराचा कळस मानले जाते. अर्धवट आवाजात, तोडून बोलणारा एक कामगार (बार्कर) दुकानात येतो आणि दुकानदाराकडे (कॉर्बेट) ‘फोर कँडल्स’ मागतो. दुकानदार चार मेणबत्त्या काढून देतो. गिऱ्हाइकाला मात्र हवे असतात ‘फोर्क हँडल्स’, म्हणजे बागकामाच्या दाताळ्याचे दांडे. लंडनच्या श्रमिक वर्गाच्या बोलीत शब्दारंभीचा ‘ह’ गळतो, या एका ध्वनिवैशिष्ट्यावर हा सारा घोटाळा आधारलेला आहे. मग गिऱ्हाईक ‘ओज’ मागतो. दुकानदार ‘हो’ हे कुदळीसारखे अवजार आणतो, तर हवी असते ‘होज’, म्हणजे पाण्याची नळी; पुढे तोच ध्वनी पायमोज्यांसाठी येतो आणि शेवटी बागेच्या फाटकावर लावावयाच्या ‘ओ’ या अक्षरासाठी. ‘पी’ अक्षरे काढून ठेवावीत, तर गिऱ्हाइकाला डबाबंद वाटाणे हवे असतात. दुकानदार दर वेळी शिडी चढतो, उतरतो, खोके काढतो, ठेवतो. प्रहसनाचे मर्म असे, की यात कोणीही मूर्ख नाही आणि कोणीही लबाड नाही. गिऱ्हाईक बरोबरच बोलत आहे, दुकानदार बरोबरच ऐकत आहे. एकाच भाषेतील दोन वर्गांच्या मधली फट तेवढी मोठी होत जाते. केवळ श्लेषावर समाधान मानणाऱ्या विनोदापासून हे प्रहसन वेगळे पडते, ते याच गुणाने.

कार्यक्रमातील सर्वच विनोद या पातळीवरचा नव्हता. समुद्रकिनाऱ्यावरील गावांतून विकल्या जाणाऱ्या चावट चित्रांच्या पोस्टकार्डांचा बार्कर हौशी संग्राहक होता आणि त्या पोस्टकार्डांची अभिरुची त्याच्या लेखनात सरसहा डोकावते. तमाशातील बतावणीशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला या द्व्यर्थी विनोदाची जात ओळखता येईल. त्याला एक लोकपरंपरा आहे, हे खरे. पण स्त्रीदेहावरील ठरावीक टोमण्यांचा अतिरेक कार्यक्रमाच्या उत्तरार्धात कंटाळवाणा होतो, हेही खरे. स्त्रियांची सत्ता आल्यास काय होईल, या विषयावरील ‘द वर्म दॅट टर्न्ड’ (१९८०) ही क्रमशः कथा तर काळाच्या मागे पडलेली वाटते. नव्या पिढीच्या ‘नॉट द नाइन ओक्लॉक न्यूज’ या कार्यक्रमाने नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवणारे विडंबन सादर केले. ते बार्करला लागले. टीका कठोर होती. परंतु सर्वस्वी अन्यायाची नव्हती.

पॉरिज : १९७३ मध्ये बीबीसीने ‘सेव्हन ऑफ वन’ ही सात स्वतंत्र नाटिकांची मालिका बार्करसाठी सादर केली. प्रत्येक नाटिकेत बार्कर वेगळ्या भूमिकेत होता. यांतील दोन नाटिकांतून दोन दीर्घकाळ गाजलेल्या मालिका निर्माण झाल्या. डिक क्लेमंट व इयन ला फ्रेने या लेखकद्वयाच्या ‘प्रिझनर अँड एस्कॉर्ट’ या नाटिकेतून ‘पॉरिज’ (१९७४–७७) ही मालिका आकाराला आली. पॉरिज म्हणजे ओटची लापशी. तुरुंगातील न्याहारीच्या या पदार्थावरून ‘लापशी खाणे’ याचा बोलीभाषेतील अर्थ शिक्षा भोगणे असा होतो. तुरुंग हा विषय विनोदी मालिकेला वर्ज्य समजला जात होता. स्लेड नावाच्या कल्पित तुरुंगात पाच वर्षांची सजा भोगणारा नॉर्मन स्टॅन्ली फ्लेचर हा सराईत चोर तिचा नायक आहे. प्रत्येक भागाच्या आरंभी त्याला शिक्षा फर्मावणाऱ्या न्यायाधीशाचा आवाज ऐकू येतो. तोही बार्करचाच आहे.

फ्लेचरला पळून जावयाचे नाही आणि बंडही करावयाचे नाही. रोज एखादा छोटा विजय मिळविणे, हे त्याचे ध्येय. चोरलेली अंडी, एक जादा उशी, अर्धा तास एकांत, अधिकाऱ्याला न कळता मारलेला टोमणा एवढ्यावर तो दिवस काढतो. या छोट्या विजयांतच माणसाचा स्वाभिमान शिल्लक राहतो, हे लेखकांनी नेमके हेरले आणि बार्करने ते अंगात मुरविले. पोट सुटलेला, च्युइंगगम चघळणारा, डोळ्यांच्या कोपऱ्यातून वाट पाहणारा हा कैदी घाई कधीच करीत नाही. कारण त्याच्यापाशी वेळेखेरीज काहीच नाही. कडक शिस्तीचा स्कॉटिश अधिकारी मॅके (फुल्टन मॅके) आणि मवाळ, सहज फसणारा बॅरोक्लो (ब्रायन वाइल्ड) यांच्याशी वागताना त्याचा सूर बदलतो. मॅकेपुढे तो अतिनम्र होतो आणि त्या नम्रतेतच उपहास असतो. कोठडीतील तरुण सोबती लेनी गॉडबर (रिचर्ड बेकिन्सेल) याच्याशी मात्र तो प्रथम तुसडेपणाने आणि मग नकळत वडिलकीने वागू लागतो.

पहिल्या मालिकेतील ‘अ नाइट इन’ हा भाग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जवळजवळ अर्धा तास दोनच पात्रे, एक बंद कोठडी आणि रात्र. कथानक म्हणावे असे काही नाही. गॉडबरला बंदिवास असह्य होऊ लागला आहे आणि फ्लेचर त्याला रात्र कशी काढावयाची, ते सांगतो. म्हणजे असे समज, की आज बाहेर जाण्याचा आपल्याला कंटाळा आला आहे. हे वाक्य विनोदी आहे, आणि ते म्हणणाऱ्या माणसाने स्वतःशी ते किती वेळा म्हटले असेल, याची जाणीव बार्करच्या आवाजातील सपाटपणामुळे होते. स्टुडिओतील प्रेक्षक हसतात. पण हसण्याच्या मधल्या जागा वाढत जातात. हशाची वाट पाहणारा नट अशा जागी घाबरून काहीतरी भर घालतो. बार्कर काहीही करीत नाही. विनोदी मालिकेतील नट आणि अस्सल अभिनेता यांत भेद करणाऱ्यांना हा भाग निरुत्तर करतो.

निर्मितीची बाजूही उल्लेखनीय आहे. खऱ्या तुरुंगात चित्रीकरणास परवानगी मिळत नसल्याने सेंट ऑल्बन्स येथील जुन्या तुरुंगाचे प्रवेशद्वार बाहेरील दृश्यांसाठी वापरले गेले. कैद्यांच्या तोंडी असणारी खरी शिवराळ भाषा दूरचित्रवाणीवर चालणे शक्य नव्हते. तेव्हा लेखकांनी ‘नॅफ’ यांसारखे अल्पपरिचित शब्द शिव्यांच्या जागी योजले आणि ते पुढे सामान्य इंग्रजी बोलीत रूढ झाले. तीन मालिकांनंतर फ्लेचरच्या सुटकेनंतरचे जीवन दाखविणारी ‘गोइंग स्ट्रेट’ (१९७८) ही मालिका आली. तिच्यातील अभिनयाची प्रशंसा झाली, तरी तिला पहिलीची सर आली नाही. भिंती नाहीशा झाल्या आणि भिंतींशी चाललेला खेळही संपला. १९७९ मध्ये ‘पॉरिज’वर चित्रपट निघाला. तो प्रदर्शित होण्यापूर्वीच, त्या वर्षीच्या मार्चमध्ये, बेकिन्सेलचे वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी आकस्मिक निधन झाले. गॉडबरवाचून फ्लेचर उभा राहू शकत नव्हता.

ओपन ऑल अवर्स : रॉय क्लार्कच्या नाटिकेवरून निघालेली ही मालिका १९७६ मध्ये एकदा आणि मग १९८१ ते १९८५ या काळात तीनदा प्रसारित झाली. यॉर्कशरमधील एका किराणा दुकानाचा मालक आर्कराइट ही बार्करची भूमिका फ्लेचरच्या अगदी विरुद्ध टोकाची आहे. फ्लेचरपाशी काही नाही म्हणून तो उदार. आर्कराइटपाशी दुकान आहे म्हणून तो कवडीचुंबक. पहाटेपासून रात्रीपर्यंत दुकान उघडे ठेवणारा, भाचा ग्रॅन्व्हिल (डेव्हिड जेसन) याला राबवून घेणारा आणि समोर राहणाऱ्या परिचारिका ग्लॅडिस इमॅन्युएलवर (लिंडा बॅरन) वर्षानुवर्षे प्रेम करणारा असा हा माणूस आहे. त्याच्या गल्ल्याचा खण इतक्या जोरात मिटतो, की मोड काढताना बोटे वाचवावी लागतात. पैसे बाहेर जाऊ नयेत ही मालकाची वासना जणू गल्ल्यातही उतरली आहे.

आर्कराइट तोतरा आहे. व्यंगावर विनोद करण्याचा हा प्रकार आज बऱ्याच प्रेक्षकांना रुचत नाही व त्याविषयी आक्षेप घेतले गेले आहेत. ते अस्थानी नाहीत. बार्करने या दोषाचा उपयोग कसा केला, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. आर्कराइट अडखळतो, तेव्हा समोरच्याने घाईने पूर्ण केलेला शब्द चुकीचा निघतो आणि फजिती ऐकणाऱ्याची होते. सौदा पटविताना त्याचे अडखळणे गिऱ्हाइकाला खिळवून ठेवते. संवादातील विरामांची जागा लेखकाऐवजी नटाच्या हाती येते, असा हा तांत्रिक लाभ होता. रात्री दुकान आवरताना एकटाच रस्त्यावर उभा राहून तो दिवसाचा हिशेब स्वतःशी मांडतो, त्या स्वगतांतून या कंजूष माणसाचे एकाकीपण दिसते.

डेव्हिड जेसन हा पुढे स्वतः अग्रगण्य नट झाला. बार्करला तो गुरुस्थानी मानीत असे.

इतर कार्य व निवृत्ती : चित्रपटसृष्टीने बार्करचा फारसा उपयोग करून घेतला नाही. ‘रॉबिन अँड मॅरिअन’ (१९७६) मधील फ्रायर टक ही त्यातल्या त्यात नावाजलेली भूमिका. ‘फटॉक्स एंड’ (१९७०), ‘द पिकनिक’ (१९७६) व ‘बाय द सी’ (१९८२) हे त्याचे जवळजवळ संवादविरहित चित्रपट, मूकपटांविषयीच्या त्याच्या ओढीचे द्योतक आहेत. भाषेवर एवढे प्रभुत्व असलेल्या लेखकाला शब्दावाचूनच्या विनोदाचे आकर्षण वाटावे, यात विसंगती दिसली, तरी नेमकेपणाची ओढ दोहोंत एकच आहे. १९७८ मध्ये त्याला ‘ओ. बी. ई.’ हा किताब मिळाला.

वेल्समधील एका छायाचित्रकाराची कथा सांगणारी ‘द मॅग्निफिसंट एव्हन्स’ (१९८४) ही मालिका अयशस्वी ठरली. १९८८ च्या आरंभी प्रसारित झालेली ‘क्लॅरन्स’ ही त्याची अखेरची मालिका. दृष्टी अधू असलेल्या एका सामान-वाहकाची ही कथा त्याने बॉब फेरिस या नावाने लिहिली. तिच्याबरोबरच, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, लोकप्रियता ओसरलेली नसताना त्याने निवृत्ती स्वीकारली. कॉर्बेटसारख्या मोजक्या निकटवर्तीयांनाच या निर्णयाची आधी कल्पना होती. प्रकृतीची चिंता आणि नवे काही सुचत नसल्याची जाणीव ही कारणे त्याने नंतर सांगितली. पत्नी जॉय टब (विवाह १९५७), जी पूर्वी रंगमंच-व्यवस्थापक होती, हिच्यासह त्याने ऑक्सफर्डशरमधील चिपिंग नॉर्टन येथे जुन्या वस्तूंचे दुकान काढले व ते सुमारे दहा वर्षे चालविले. दुकानदाराची भूमिका आता लेखकावाचूनच वठवावी लागत होती. या दांपत्यास तीन अपत्ये झाली. ‘डान्सिंग इन द मूनलाइट’ (१९९३) हे त्याचे आत्मचरित्र मुख्यतः रंगभूमीवरील उमेदवारीच्या वर्षांविषयी आहे.

चौदा वर्षांनी त्याने अभिनय पुन्हा केला, तो विनोदी नट म्हणून नव्हे. ‘द गॅदरिंग स्टॉर्म’ (२००२) या दूरचित्रवाणीपटात त्याने विन्स्टन चर्चिलचा (अ‍ॅल्बर्ट फिनी) वृद्ध नोकर इंचेस याची, तर ‘माय हाउस इन अंब्रिया’ (२००३) मध्ये एका निवृत्त सेनाधिकाऱ्याची भूमिका केली. चर्चिलशी तोडीस तोड हुज्जत घालणारा आणि तरी आपली पायरी कधी न सोडणारा त्याचा नोकर पाहताना, १९६६ च्या त्या तिघांच्या रांगेतील मधला माणूस आठवल्यावाचून राहत नाही. २००५ मध्ये ‘द टू रॉनीज स्केचबुक’ या संकलनासाठी तो व कॉर्बेट पुन्हा एकदा त्या मेजामागे बसले.

त्याच वर्षी ऑक्सफर्डशरमधील अ‍ॅडरबरी येथे हृदयविकाराने त्याचे निधन झाले. ३ मार्च २००६ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये झालेल्या स्मृतिसभेत वेदीकडे जाणाऱ्या मिरवणुकीत प्रथेप्रमाणे दोन मेणबत्त्या न नेता चार नेण्यात आल्या. उपस्थितांना त्याचे कारण सांगावे लागले नाही. ज्या गावी त्याने व्यावसायिक रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले, त्या एल्झबरी येथे २०१० मध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा उभारण्यात आला. कॉर्बेट २०१६ मध्ये निवर्तला. आर्कराइटचे दुकान त्याच्या भाच्याकडे आल्याची कल्पना करून रचलेली ‘स्टिल ओपन ऑल अवर्स’ ही मालिका जेसनने २०१३ ते २०१९ या काळात सादर केली. तीत दुकानाच्या भिंतीवर आर्कराइटचे छायाचित्र आणि फळीखाली तोच गल्ला होता.